थेंब कुठून येतो? जुन्या गाडीची ऑइलगळती आणि अनुमानाची शिस्त

मागच्या दोन व्याख्यानांत आपण अनुमान म्हणजे काय ते पाहिलं. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे, हे आपल्या तर्कशास्त्रातलं जुनं उदाहरण आपण बरंच घोळवलं. त्यानंतर काही श्रोत्यांनी कळवलं की डोंगर आणि धूर पुरे झाले, आता रोजच्या व्यवहारातलं, हात काळे होतील असं एखादं उदाहरण घ्या. मागणी रास्त आहे. म्हणून आज आपण एका जुन्या गाडीखाली शिरणार आहोत.

विषय साधा आहे. गाडी रात्रभर उभी राहिली, सकाळी हलवली, तर खाली फरशीवर रुपयाएवढा काळा डाग. इंजिन ऑइल गळतंय. हे घरच्या घरी कसं शोधायचं आणि कसं थांबवायचं? यात पाना आणि हातोडी जेवढी लागते, तेवढाच विचारही लागतो. आधीच सांगून ठेवतो: गळती थांबवण्याचं निम्मं काम ती नेमकी कुठून आहे हे ठरवण्यात असतं. जो ते न ठरवता पाना हातात घेतो, तो बहुतेक वेळा गळती वाढवतो.

उदाहरणासाठी आपण प्रीमियर पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी वर्षानुवर्षं बनवली. मुळात ती इटलीची फियाट ११००. आपल्याकडे आधी 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून, आणि १९७० च्या दशकापासून चितोडच्या राणीचं नाव घेऊन 'पद्मिनी' म्हणून धावली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईने तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप दिला. खाजगी मालकांकडे मात्र अजून बऱ्याच आहेत; कुणाला वडिलांकडून आलेली, कुणी हौसेने घेतलेली. तिचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, समजायला सोपं. आज जे बोलू त्यातलं बरंचसं अँबॅसेडरला, जुन्या जीपला किंवा हेराल्डलाही लागू पडेल.

ऑइल बाहेर येतंच का?

इंजिनाच्या तळाशी एक पत्र्याचं भांडं असतं. गॅरेजच्या भाषेत त्याला 'चेंबर' म्हणतात. ऑइल तिथे साठतं. पंप ते खेचून दाबाने क्रँकच्या बेअरिंगपर्यंत आणि वर डोक्याकडे, म्हणजे टॅपेटपर्यंत पोचवतो. तिथून ते आपोआप ओघळत पुन्हा चेंबरात येतं. म्हणजे ऑइलचे दोन प्रवास झाले: वर जाताना दाबाखाली, खाली येताना नुसत्या वजनाने. हा भेद लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

इंजिन एकसंध नसतं, अनेक भाग बोल्टने जोडलेले असतात. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही घासले तरी एकमेकांना पूर्ण चिकटत नाहीत. म्हणून मध्ये काहीतरी मऊ घालावं लागतं: बूच, कागद, रबर. यालाच 'पॅकिंग' म्हणायचं. आणि जिथे दांडा फिरतो, म्हणजे क्रँकच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला, तिथे पॅकिंग चालत नाही, तिथे ऑइल सील किंवा तशी काही योजना असते.

आता बूच आणि रबर या सेंद्रिय वस्तू आहेत. इंजिन रोज तापतं, रोज निवतं. तीस-चाळीस वर्षांत बूच सुकून आकसतं, रबर कडक होऊन तडकतं. त्यामुळे जुन्या गाडीची गळती हा चमत्कार नाही, की मालकाच्या हयगयीचा पुरावाही नाही. वस्तूंचं वय झालंय, एवढंच.

गळती किती गंभीर?

सगळ्या गळत्या सारख्या नसतात. तीन प्रश्न विचारायचे.

पहिला: किती? डिपस्टिक हे त्याचं साधन. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ थांबून पातळी बघायची आणि किलोमीटरच्या आकड्यासह वहीत लिहायची. हजार किलोमीटरमध्ये किती ऑइल भरावं लागलं, हे कळलं की भीतीही जाते आणि खोटा दिलासाही.

दुसरा: गळती दाबाखालची आहे की ओघळणारी? टॅपेट कव्हरच्या कडेने झिरपणारं ऑइल महिनोन्महिने झिरपत राहतं. पण ऑइल प्रेशरचा स्विच, प्रेशर गेजची बारीक नळी, फिल्टरची बैठक, ही दाबाखालची ठिकाणं. तिथे फट वाढली तर इंजिन चालू असताना ऑइलची धार लागते आणि चेंबर थोड्या वेळात रिकामं होऊ शकतं. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर 'जरा पुढच्या पंपापर्यंत जाऊ' असं म्हणायचं नाही. बाजूला घेऊन ताबडतोब इंजिन बंद. नाहीतर बेअरिंग जातात.

तिसरा: थेंब कशावर पडतोय? तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर धूर येतो, आणि ऑइल जास्त असेल तर पेटूही शकतं. क्लचवर गेला तर क्लच घसरतो. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं त्यावर पडत राहिला तर रबर फुगून कुजतं.

आणि थेंब रस्त्यावर पडला तर? हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही, कारण तो थेंब आपण मागे टाकून आलेलो असतो. जून महिन्यातली पहिली सर आठवा. वर्षभर डांबरावर साठलेलं ऑइल त्या पाण्यावर तरंगतं आणि रस्ता निसरडा होतो. मोटारवाल्याला ते जाणवतसुद्धा नाही. पडतो तो मागून येणारा दुचाकीस्वार. एकट्या आपल्या गाडीने हे होत नाही, पण 'एकट्या माझ्याने काय होतंय' हे वाक्य प्रत्येक जण म्हणू शकतो, हे नीतिशास्त्राच्या वर्गात आपण पाहिलंच आहे. म्हणून 'जुनी गाडी आहे, गळणारच' एवढ्यावर विषय सोडू नये.

गाडीखाली जाण्याआधी

हा भाग कुणी वगळू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही. सपाट, कडक जमीन हवी. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, आणि गाडी लोखंडी स्टँडवर. विटांचा ढीग नको. वीट न सांगता फुटते. गाडी स्टँडवर टेकल्यावर तिला बाहेरून जोराने हलवून पाहा. हलली तर पुन्हा बसवा. घरात कुणालातरी सांगून ठेवा की आपण खाली आहोत.

इंजिन निवलेलं असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. साफसफाईला पेट्रोल वापरायचं नाही, कितीही पटकन डाग निघत असला तरी. आणि जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडून धूळ उडवायची नाही. आधी ओलं करायचं, मग काढायचं, तोंडावर मास्क ठेवायचा.

डागापासून उगमाकडे

आता खरा तपास. डाग दिसतो खाली. त्यावरून आपण वरच्या कारणाकडे जाणार. न्यायदर्शनात याला शेषवत् अनुमान म्हणतात: कार्यावरून कारणाचा शोध. वात्स्यायनाने न्यायभाष्यात नदीचं उदाहरण दिलं आहे. पाणी वाढलंय, गढूळ आहे, वेगाने येतंय, त्यावरून वर कुठेतरी पाऊस झाला असणार. पण तिथेच एक आक्षेपही नोंदवलेला आहे: नदी तर बांध घातल्यानेही फुगते! त्यावर उत्तर असं की नुसती फुगलेली नदी हे लक्षण नव्हे. वेग, गढूळपणा, वाहून आलेला पालापाचोळा, हे सगळं मिळून लक्षण होतं. आपला डागही असाच. नुसता डाग पुरेसा नाही, त्याचे विशेष बघायला हवेत.

पहिला विशेष: हे इंजिन ऑइलच आहे का? पांढरा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली ठेवा, चाकांच्या जागा त्यावर खुणेने मांडा. सकाळी रंग, वास, घट्टपणा बघा. इंजिन ऑइल तपकिरी-काळं असतं. गिअर ऑइल अधिक घट्ट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं. रेडिएटरचं पाणी पातळ, कूलंट घातलेलं असेल तर बहुधा रंगीत. ब्रेकचं तेल पातळ आणि जवळजवळ रंगहीन. ते आढळलं तर आजचं व्याख्यान बाजूला ठेवा आणि ब्रेक दुरुस्त होईपर्यंत गाडी काढू नका.

दुसरा विशेष: ऑइलचा प्रवास. गुरुत्वाकर्षण त्याला खाली नेतं आणि गाडी चालताना वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून डाग नेहमी उगमाच्या खाली आणि बहुधा मागे असतो. शोधायचा असतो तो सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला बिंदू.

पण वर्षांची धूळ आणि ऑइल यांचा थर बसलेल्या इंजिनावर असा बिंदू दिसणारच नाही, सगळंच ओलं दिसतं. म्हणून आधी साफसफाई. डिस्ट्रिब्यूटर, कार्बोरेटर आणि डायनॅमो किंवा आल्टर्नेटर यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. डीग्रीझर, नाहीतर रॉकेल किंवा थोडं डिझेल घेऊन ब्रशने घासा, फडक्याने पुसा. पाण्याचा जोरदार फवारा नको. पूर्ण वाळू द्या, रॉकेलचा वास जाईपर्यंत थांबा, मगच बॅटरी जोडा.

मग एक जुनी युक्ती: अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर. संशयित सांध्यांवर ती हलकेच भुरभुरा. इंजिन चालू करा, गरम होऊ द्या, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा. पंखा आणि पट्ट्यापासून हात, बाही, ओढणी लांब ठेवून. नाहीच दिसलं तर पाच-दहा किलोमीटरचा फेरा मारून या, बंद करा आणि पुन्हा बघा. पांढऱ्या पावडरवर ऑइलची काळी रेघ उमटते, आणि ती जिथून सुरू होते तिथे आपला उगम.

संशयितांची यादी, वरून खाली

शेषवत् या शब्दाचा वात्स्यायनाने आणखी एक अर्थ दिला आहे: परिशेष. शक्यता मांडायच्या, एकेक वगळायची, उरेल ती स्वीकारायची. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये अवशेषपद्धती सांगितली, तिचं याच्याशी नातं आहे. पण परिशेषाला एक अट आहे: यादी पूर्ण हवी. अपुऱ्या यादीतून उरलेली शक्यता खरी असेलच असं नाही. तर यादी करू.

एक, टॅपेट कव्हर. सर्वांत वर, बुचाच्या किंवा रबराच्या पॅकिंगवर बसलेलं. ऑइल भरायचं झाकणही बघा, त्याचं रबर सुकलेलं असतं.

दोन, पेट्रोल पंप. पद्मिनीत तो यांत्रिक असतो, ब्लॉकच्या बाजूला बोल्टने बसवलेला आणि कॅमशाफ्टवर चालणारा. त्याच्या बैठकीतून ऑइल येतं. इथे पॅकिंग बदलताना जुन्याएवढ्याच जाडीचं घाला, कारण पंपाच्या दांडीची हालचाल त्या जाडीवर ठरलेली असते.

तीन, डिस्ट्रिब्यूटरची बैठक. चार, ऑइल प्रेशरचा स्विच आणि फिल्टरची जागा. पाच, पुढच्या टायमिंग कव्हरचं पॅकिंग आणि क्रँकच्या पुलीमागचं सील. सहा, चेंबरचं पॅकिंग. सात, ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट आणि त्याचा वॉशर. आठ, क्रँकचं मागचं टोक, जिथे इंजिन संपून क्लचचं घर सुरू होतं.

आता या यादीत पैसा आणि त्रास कुठे आहे बघा. पहिल्या नावाचं काम अर्ध्या तासाचं, पॅकिंगची किंमत किरकोळ. शेवटच्या नावासाठी गिअरबॉक्स, बऱ्याचदा इंजिनच, खाली उतरवावं लागतं. आणि गंमत अशी की दोघांचा डाग एकाच जागी पडतो! टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेतून आलेलं ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळतं आणि क्लचच्या घराच्या तळाशी थेंब धरतं. खालून बघणाऱ्याला ते हुबेहूब मागच्या सीलची गळती वाटते. तेव्हा कुणीही, घरातला हौशी किंवा गॅरेजमधला जाणता, नुसतं खालून बघून 'इंजिन उतरवावं लागेल' म्हणाला, तर आपण नम्रपणे म्हणायचं: आधी वरून पुसून, पावडर टाकून बघू या. गिअरबॉक्सचं पुढचं सीलही त्याच घरात गळतं, पण त्याचं ऑइल वासावरून ओळखू येतं.

सगळं ठीक, तरी गळतं: उपाधी

नैयायिकांचा आणखी एक शब्द इथे कामाचा आहे: उपाधी. जिथे अग्नी तिथे धूर, असं सरसकट म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. ओलं लाकूड ही तिथली उपाधी, म्हणजे नजरेआड राहिलेली अट.

गळतीमध्ये अशी नजरेआडची अट म्हणजे इंजिनाच्या पोटातला दाब. पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने जळलेला वायू थोडाफार खाली येतोच. त्याला बाहेर जायला ब्रीदरची नळी ठेवलेली असते. ती नळी किंवा तिच्यातली जाळी गाळाने तुंबली, तर वायू कोंडतो आणि जिथे वाट मिळेल तिथून ऑइलला बाहेर ढकलतो. मग पॅकिंग जुनं म्हणून बदललं तरी नवंही गळतं. एक सांधा बंद केला की दुसरा सुरू होतो. दोन-तीन ठिकाणांहून एकदम गळायला लागलं तर आधी ब्रीदर काढा, रॉकेलमध्ये धुवा, फुंकून मोकळा आहे याची खात्री करा. यात खर्च शून्य.

ब्रीदर मोकळा असूनही, चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभका धूर येत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. ते दुखणं पॅकिंगचं नाही. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्या.

दुसरी तशीच अट म्हणजे पातळी. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरलं तरी गळतं. न भरता पातळी वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल खाली येत असेल. असं इंजिन चालवू नका.

दुरुस्ती: दोन कामं घरी होण्याजोगी

पहिलं, टॅपेट कव्हर. बोल्ट काढा, कव्हर उचला. चिकटलं असेल तर लाकडाच्या तुकड्याने कडेला हलके ठोका. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटायचं नाही, कड चरते आणि नवी गळती तयार होते. उघड्या भागावर स्वच्छ फडकं टाका, आत काही पडायला नको. जुनं पॅकिंग दोन्ही बाजूंनी पूर्ण काढा. नखाएवढा तुकडा राहिला तरी नवं पॅकिंग तिथे टेकत नाही.

मग कव्हरची कड तपासा. पत्र्याचं कव्हर वर्षानुवर्षं जास्त आवळलं गेलं की बोल्टच्या भोकांपाशी पत्रा आत दबतो. अशा वेळी बोल्टपाशी पॅकिंग चेंगरतं आणि दोन बोल्टच्या मधे ते सैल राहतं. गळती तिथूनच होते, आणि मालक बोल्ट आणखी आवळतो! कव्हरची कड सपाट लाकडी ठोकळ्यावर ठेवून दबलेला भाग हातोडीने हळूहळू सरळ करा. सरळ पट्टी लावून बघा.

नवं बुचाचं पॅकिंग दुकानात पडून सुकलेलं असेल तर ते आकसलेलं असतं, भोकं जुळत नाहीत. थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, पुसा, बसतं. पॅकिंग कव्हरच्या बाजूला शेलॅकने किंवा गॅस्केटच्या गोंदाने चिकटवा, हेडच्या बाजूला कोरडं ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी टॅपेट सेट करताना तेच पॅकिंग पुन्हा वापरता येईल. सिलिकॉनचा ट्यूब पिळायचा मोह आवरा. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला पुटकुळीसारखं बाहेर येतं, तुटतं आणि पंपाच्या जाळीत जाऊन अडकतं. गळती थांबते आणि इंजिन उपाशी राहतं.

आवळताना सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग थोडं-थोडं, आळीपाळीने. पाना टोकाला नव्हे, बोल्टजवळ धरायचा, म्हणजे मनगटाचा जोर लागतच नाही. पॅकिंग किंचित दबलेलं दिसलं की थांबा. गाडी दोन-चार वेळा तापून निवली की पुन्हा एकदा हलकेच तपासा.

दुसरं काम चेंबरचं. ऑइल कोमट असताना काढून घ्या. चेंबर खाली येण्याआधी आडवा मेंबर किंवा स्टिअरिंगचे दांडे वाटेत येत नाहीत ना, ते बघा. येत असतील तर हे काम गॅरेजकडे द्या. कृती टॅपेट कव्हरसारखीच: पूर्ण साफ, कड सरळ, पॅकिंग कोरडं आणि जागेवर, बोल्ट मधून टोकांकडे आळीपाळीने. चेंबर उघडलंच आहे तर पंपाची जाळी धुवा आणि तळाचा गाळ बोटाने चाचपून बघा. त्यात चमकणारे धातूचे कण मोठ्या प्रमाणात दिसले तर मेकॅनिकला दाखवा.

ड्रेन बोल्टचा तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो. शक्यतो नवा घाला. नाहीच मिळाला तर जुना गॅसवर लाल होईपर्यंत तापवून निवू द्या, तांबं पुन्हा मऊ पडतं. प्रेशरचा स्विच गळत असेल तर तो सांध्यातून नव्हे, स्वतःच्या अंगातून गळतोय का ते बघा. तसं असेल तर स्विचच बदलायचा.

कुठे थांबायचं

क्रँकचं मागचं टोक घरी करण्याचं काम नाही. आणि तिथे दरवेळी दुरुस्ती हवीच असंही नाही. अँबॅसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाचं उदाहरण घ्या. ते बीएमसी कंपनीचं बी-सिरीज इंजिन. त्याच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच. क्रँकवर आटे कापलेले होते, जे फिरताना ऑइल परत आत ढकलत. इंजिन थांबलं की ढकलणं थांबतं आणि एखादा थेंब बाहेर येतो. ही त्या रचनेचीच मर्यादा आहे. तिच्याशी भांडण्यापेक्षा गाडीखाली ट्रे ठेवावा आणि डिपस्टिकची वही चालू ठेवावी. मात्र थेंबांचं प्रमाण अचानक वाढलं तर ब्रीदर, पातळी, आणि मग बेअरिंगची झीज, या क्रमाने बघावं.

काढलेलं ऑइल गटारात, झाडाच्या बुंध्याशी किंवा कचऱ्यात टाकायचं नाही. आपल्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरा आणि जे गॅरेज ते पुनर्प्रक्रियेसाठी देतं त्यांच्याकडे पोचवा. ऑइल लागलेले फडके बंद जागी कोंबून ठेवू नका.

चिठ्ठ्यांवरचे प्रश्न

तीन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: गळती थांबवणारं औषध बाटलीत मिळतं, ते घालावं का? ते मुख्यतः रबराला फुगवतं. गळती रबरी सीलची असेल तर काही दिवस फरक दिसेल. बूच आणि कागदाच्या पॅकिंगवर त्याचा उपयोग नाही. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: गळती कुठली, हे ठरलं आहे का?

दुसरी: जाड ऑइल घातलं तर कमी गळेल का? कदाचित थोडं. पण थंड इंजिनात जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि झीज त्याच वेळी होते. कंपनीच्या पुस्तकात दिलेला ग्रेडच ठेवावा.

तिसरी जरा खोचक आहे: 'सर, मेकॅनिकला विचारलं की तो हात लावून सांगतो. मग हा न्यायशास्त्राचा खटाटोप कशाला?' प्रश्न चांगला आहे. चांगला मेकॅनिक हीच पायरी चढतो, फक्त इतक्या वेळा चढलेला असतो की त्याला पायऱ्या मोजाव्या लागत नाहीत. तो बोटाने ओलावा चाचपत वर जातो, ऑइलचा वास घेतो, ब्रीदर फुंकून बघतो. विचारलं तर कदाचित त्याला शब्दांत सांगता येणार नाही. पण या गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक आता कमी होत चालले आहेत, आणि त्यांच्या हाताला जे कळतं ते कुठे लिहिलेलं नाही. ते शब्दांत उतरवून ठेवणं हेही तर्कशास्त्राचं काम आहे. तुमच्या ओळखीचा असा कुणी असेल, तर पुढच्या वेळी गाडी टाकून निघून येऊ नका. शेजारी उभे राहा, टॉर्च धरा आणि 'हे तुम्हाला कशावरून कळलं?' असं विचारा.

पुढच्या व्याख्यानात आपण हेत्वाभास घेऊ, म्हणजे कारणासारखं दिसणारं पण कारण नसलेलं. तोपर्यंत ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी आज रात्री तिच्याखाली पांढरा पुठ्ठा ठेवावा. पाना उद्या हातात घेतला तरी चालेल.